वेबसाइट झाली, पण गूगलवर दिसत नाही

नवीन वेबसाइट सुरू झाली की आठवड्याभरात मालकाचा फोन ठरलेला. “मॅडम, गूगलवर आपण कुठेच दिसत नाही.” मी चिपळूणला बसून गुहागर, दापोली, देवगड भागातले होमस्टे, आंबा बागायतदार, काजू-कोकमवाले अशांच्या साइट सांभाळते. हा फोन आला की मी आधी विचारते, दिसत नाही म्हणजे नक्की काय? साइट गूगलकडे मुळात पोचलीच नाही, की पोचली आहे पण पाचव्या-सहाव्या पानावर पडली आहे? या दोन गोष्टींची लोक कायम गल्लत करतात आणि मग नको तिथे पैसे घालतात.

तपासायला पाच सेकंद लागतात. गूगलच्या शोधपट्टीत ‘साइट’ हा शब्द इंग्रजीत लिहायचा, पुढे कोलन, आणि जागा न सोडता आपला डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता. आपली पानं आली तर गूगलने ती वाचून नोंदवून ठेवली आहेत. काहीच आलं नाही, तर क्रमांकाची चर्चा करण्यात अर्थ नाही. गूगलचा रोबो आधी पान वाचतो, मग ठेवण्यासारखं वाटलं तर आपल्या इंडेक्समध्ये, म्हणजे नोंदींच्या साठ्यात, ठेवतो, आणि कोणी काही शोधलं की त्या साठ्यातून निवडून क्रम लावतो. साठ्यातच नसलेल्या पानाला क्रम कुठून मिळणार?

देवगडच्या एका बागायतदाराची साइट ऐन हंगामात अशीच गायब होती. फोटो सुरेख, पैसे भरायची सोय चोख, पण गूगलवर शून्य. पानाचा सोर्स, म्हणजे पडद्यामागचा कोड, उघडला तर वरच ‘नोइंडेक्स’, म्हणजे ‘नोंदवू नका’, असं लिहिलेलं. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग्जखाली रीडिंग म्हणून पान असतं, त्यात सर्च इंजिनांना ‘ही साइट नोंदवू नका’ सांगणारा एक चौकोन असतो. काम चालू असताना अर्धवट साइट लोकांना दिसू नये म्हणून बनवणारा तिथे टिकमार्क करतो, आणि साइट मालकाच्या ताब्यात देताना काढायचा राहतो. तो टिकमार्क काढला, पानं हळूहळू यायला लागली. नवी साइट ताब्यात घेताना मी पहिल्यांदा हा चौकोन बघते, रंगसंगती नंतर.

याच्याच शेजारची भानगड म्हणजे रोबॉट्स डॉट टीएक्सटी ही फाइल. ती रोबोला सांगते की अमुक पानांकडे फिरकू नकोस. पण ‘फिरकू नकोस’ आणि ‘नोंदवू नकोस’ हे वेगळे निरोप आहेत. फाइलमध्ये अडवलेलं पान बाहेरच्या एखाद्या लिंकमुळे नुसत्या पत्त्यासकट गूगलवर दिसू शकतं. वर त्या पानात नोइंडेक्स लिहिलं असेल तर रोबोला ते वाचताच येत नाही, कारण दार आधीच बंद. एखादं पान खरंच नको असेल तर रोबोला आत येऊ द्या आणि आत नोइंडेक्स लिहा.

दुसऱ्या दिवशीचं काम सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गूगलला कशी दिसते हे मालकाला दाखवणारं साधन. फुकट आहे, गूगलचंच आहे, आणि नवख्याला यापेक्षा चांगला शिक्षक मिळणार नाही. डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचा याच्या नोंदींमध्ये, एक टीएक्सटी (मजकुराची) नोंद टाकून मालकी सिद्ध करायची, साइटमॅपचा, म्हणजे साइटवरच्या पानांच्या यादीचा, पत्ता द्यायचा, आणि थांबायचं. मागच्या 16 महिन्यांचा हिशेब तिथे मिळतो: लोकांनी काय शोधल्यावर आपलं पान समोर आलं, कितीदा क्लिक झालं, सरासरी कितव्या क्रमांकावर होतं. पानांच्या अहवालात ‘क्रॉल केलं, पण सध्या नोंदवलेलं नाही’ अशा अर्थाचा शेरा दिसला की लोक घाबरतात आणि नोंदणीची विनंती करणारं बटण रोज दाबत बसतात. गूगलने पान वाचलं आणि ठेवण्याजोगं वाटलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक वेळा ते पान दोन ओळींचं असतं किंवा दुसऱ्या पानाची नक्कल असते. बटण दाबून मजकूर वाढत नाही.

मराठी साइटना आणखी एक दुखणं आहे, ते इंग्रजी मार्गदर्शनात कुठे सापडणार नाही. पत्रकं छापणाऱ्याकडून आलेला मजकूर पुष्कळदा जुन्या, युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच सांकेतिक पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असतो. डोळ्याला मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते, आणि गूगल वाचतो ती खिचडी. असा मजकूर कॉपी करून मोबाइलवरच्या एखाद्या चॅटमध्ये पेस्ट करून बघा. वाचता आला नाही तर युनिकोडमध्ये बदलून घ्या. तीच गत दरपत्रकाची. खोल्यांचे दर, जेवणाचा मेनू, पत्ता हे सगळं एका रंगीत चित्रात बसवून टाकलेलं असतं. चित्रातल्या अक्षरांवर विसंबून राहू नका. तोच मजकूर पानावर साध्या अक्षरात लिहा आणि चित्राला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन, द्या.

आता लिहायचं काय? माझं मत असं, की नवखे मालक स्वतःबद्दल फार लिहितात आणि गिऱ्हाइकाच्या प्रश्नांबद्दल फार कमी. वेळणेश्वरच्या एका होमस्टेच्या पहिल्या पानाचं शीर्षक होतं ‘होम’. खाली निसर्गाच्या कुशीत, शांत, रम्य वगैरे. त्या काकूंना मी म्हटलं, मागच्या महिन्यात फोनवर लोकांनी तुम्हाला काय विचारलं ते आठवा. त्या म्हणाल्या, “अगं, सगळे तेच विचारतात. दापोलीकडून यायचं तर फेरीबोट मिळते का, गाडी चढते का, आणि जेवणात मासे असतात का.” हेच तर हवं होतं. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने गाडीसकट कसं यायचं, धोपाव्याहून पुढे कुठला रस्ता धरायचा, आगगाडीने आलात तर चिपळूणला उतरून पुढे काय, यावर एक स्वतंत्र पान केलं. देवळाचं दर्शन आणि जोडून हेदवीचा दशभुजा गणेश एका दिवसात कसा होतो, यावर दुसरं. कुठल्याही मोठ्या बुकिंग साइटला हे काकूंइतकं नीट सांगता येणार नाही. छोट्या साइटची ताकद इथे आहे. नुसत्या ‘कोकण हॉटेल’ या शब्दांसाठी बलाढ्य कंपन्यांशी झुंजण्यात काही हशील नाही.

शीर्षक म्हणजे टायटल टॅग, गूगलच्या निकालात दिसणारी ठळक ओळ, आणि तो प्रत्येक पानाला वेगळा हवा. ‘होम’च्या जागी आम्ही ‘वेळणेश्वर होमस्टे: समुद्राजवळ घरगुती राहणं आणि जेवण’ असं केलं. खालचं मेटा वर्णन, म्हणजे पानाचा छोटा सारांश, क्रमांक वाढवत नाही, आणि गूगल ते नेहमी वापरतोच असंही नाही. पण नीट लिहिलं तर वाचून माणूस क्लिक करतो. मेटा कीवर्ड, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेली शब्दांची यादी, मात्र विसरा. आपण ते क्रमासाठी वापरत नाही, हे गूगलने 2009मध्येच जाहीर केलं होतं, तरी आजही त्याचे वेगळे पैसे लावणारे भेटतात.

मराठीत लिहू की इंग्रजीत, हा प्रश्न हमखास येतो. गिऱ्हाईक बघा. पुण्या-मुंबईची मराठी कुटुंबं बोलतात मराठीत, पण टाइप करताना पुष्कळजण रोमन लिपी वापरतात. म्हणून मी दोन्ही भाषांत स्वतंत्र पानं करते आणि एकमेकांना जोडते. एकाच पानात एक परिच्छेद मराठी, एक इंग्रजी असं करत नाही. पानाचा पत्ता मात्र रोमनमध्येच ठेवते. देवनागरी पत्ता चालतो, पण कॉपी करून पाठवला की बऱ्याचदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक शेपटी होते आणि लोकांना ती व्हायरसची लिंक वाटते.

होमस्टे, दवाखाना, दुकान अशा जागेवरच्या धंद्याला गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगलवर आणि नकाशात दिसणारी धंद्याची नोंद) वेबसाइटइतकंच महत्त्वाचं. नाव पाटीवर आहे तेच लिहा, त्यात ‘बेस्ट सीफेसिंग होमस्टे’ घुसवू नका. वेळा, फोन, नकाशावरची खूण अचूक ठेवा. येऊन गेलेल्या पाहुण्यांना अभिप्राय मागायला लाजू नका. विकतचे अभिप्राय मात्र घेऊ नका, ते काढले जातात आणि प्रोफाइलही गोत्यात येतं.

वेगाबद्दल लोक फार तांत्रिक बोलतात. छोट्या साइटवर दहातले नऊ दोषी म्हणजे मोबाइलमधून जसेच्या तसे चढवलेले फोटो. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असा गूगलचा मापदंड आहे. गावाकडच्या नेटवर्कवर पाच एमबीचे आठ फोटो असतील तर तो विषयच सोडा. फोटोची रुंदी कमी करून वेबपी या हलक्या प्रकारात टाकले की निम्मं काम होतं.

मग येतात लिंका. गूगलची मूळ कल्पनाच ही होती की दुसऱ्या पानांनी दिलेली लिंक म्हणजे एक प्रकारची शिफारस. लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना त्यावर पेजरँक ही पानांचं वजन ठरवायची पद्धत उभी केली. त्यामुळे ‘हजार बॅकलिंक (बाहेरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंका) अमुक रुपयांत’ हा बाजार आपोआप उभा राहिला. क्रम लावायच्या पद्धतीत 2012मध्ये केलेल्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलापासून असल्या लिंकांवर गूगलची करडी नजर आहे, आणि क्रम वाढवायला लिंका विकत घेणं त्याच्या नियमांत स्पॅम म्हणून नोंदलेलं आहे. तुमच्याकडे ग्रुप आणणारा सहल आयोजक, तालुक्याचं बातम्यांचं पोर्टल, शेजारचा बोटवाला यांनी दिलेल्या दोन-चार खऱ्या लिंका पुरतात.

‘पंधरा दिवसांत पहिल्या क्रमांकाची हमी’ देणारे फोन तुम्हालाही येतील. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतःच सांगतं. कामाचा परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, असाही त्यांचा सल्ला आहे, आणि माझा अनुभव त्याला धरूनच आहे. एजन्सीला काम देणार असाल तर डोमेन, होस्टिंग (साइट ठेवलेली जागा) आणि सर्च कन्सोलची मालकी स्वतःच्या ईमेलवर ठेवा. त्यांना फक्त वापरण्यापुरता प्रवेश द्या. भांडण झालं आणि डोमेन त्यांच्या नावावर निघालं, की काही वर्षांची मेहनत अडकून पडते. असे दोन-तीन मालक माझ्याकडे रडत आले आहेत.

एआयने लेख लिहून घेऊ का, असं हल्ली रोज कोणीतरी विचारतं. कच्चा मसुदा करायला हरकत नाही. पण शेकडो पानं घाऊक पाडून क्रम मिळवायचा प्रयत्न 2024च्या मार्चपासून गूगलच्या स्पॅम नियमांत स्पष्टपणे बसतो, मग ती माणसाने पाडलेली असोत की यंत्राने. शिवाय फेरीबोटीला रविवारी किती रांग असते हे यंत्राला ठाऊक नाही, काकूंना आहे.

हंगामी माल विकणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. हापूसचं पान मार्चमध्ये बनवायला घेऊ नका, दिवाळीनंतर लगेच चढवा, म्हणजे पेट्या निघेपर्यंत गूगलला ते ओळखायला वेळ मिळतो. कोकणच्या हापूसला 2018मध्ये जीआय (भौगोलिक निर्देशांक) मानांकन मिळालं आहे. तुमच्याकडे अधिकृत वापरकर्त्याची नोंदणी असेल तर ते पानावर ठळक लिहा, कारण लोक अस्सल-नकली याबद्दल खूप शोधतात. पाऊस सुरू झाल्यावर ते पान काढून टाकू नका आणि पुढच्या वर्षी नव्या सालाचा नवा पत्ताही करू नका. पत्ता तोच ठेवा, वर ‘या वर्षीचा हंगाम संपला, पुढच्या नोंदणीसाठी नंबर द्या’ असं लिहा, आणि नव्या वर्षी फक्त दर बदला. पत्ता बदलणं अगदीच भाग पडलं तर जुन्यावरून नव्यावर कायमचं 301 रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्यावर जाईल.