कार्ड नवं, ड्रायव्हर जुना

संगणकातलं ग्राफिक्स कार्ड बदलायला मला वीस मिनिटं लागली, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते कार्ड चालवता यावं म्हणून लागणारा प्रोग्रॅम, ताळ्यावर आणायला दोन संध्याकाळी. त्यातली पहिली संध्याकाळ शुद्ध मूर्खपणात गेली, तेव्हा आधी तीच सांगते.

मी घराच्या अंतर्गत सजावटीची थ्रीडी मॉडेल्स करते. नवं कार्ड बसवलं, विंडोज सुरू झालं, चित्र स्वच्छ. पण मॉडेल फिरवायला गेले की भिंती अडखळत वळायच्या, अगदी जुन्या कार्डापेक्षाही वाईट. ड्रायव्हर बिघडलाय असं ठरवून मी तो तीनदा काढून तीनदा टाकला. शेवटी भाच्याला फोन केला. त्यानं एकच विचारलं, "मावशी, मॉनिटरची केबल कुठे लावलीयेस?"

मागे वाकून बघितलं. केबल मदरबोर्डच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डच्या, पोर्टात. म्हणजे सगळं चित्र प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवरून येत होतं आणि नवं कार्ड नुसतं पंखे घेऊन बसलं होतं. कार्डाचे पोर्ट खाली, आडव्या पट्टीत असतात. केबल तिथंच हवी.

तर ड्रायव्हरला दोष देण्याआधी केबल बघा. मग वीज. स्लॉटमधून, म्हणजे मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत कार्ड बसतं तिथून, कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात आणि आठ पिनांच्या एका जोडणीतून १५०. कार्डावर अशा दोन जोडण्या असतील तर पॉवर सप्लायपासून दोन वेगळ्या केबली आणा. एकाच केबलीची दोन तोंडं वापरायचा मोह टाळा. जड काम सुरू झालं की संगणक एकदम बंद पडत असेल, तर ड्रायव्हरपेक्षा मी विजेवर जास्त संशय घेईन. कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण दाबून खिट्टी बसलीय ना, हेही बघा.

आता खरा ड्रायव्हर. केबल योग्य जागी गेल्यावर माझा दुसरा त्रास सुरू झाला: काम करता करता पडदा दोन-तीन सेकंद काळा, मग परत जागेवर. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या घडामोडींच्या वहीत 'सिस्टिम'च्या नोंदींत ४१०१ हा क्रमांक ओळीनं दिसला. त्याचा अर्थ असा की ड्रायव्हरनं उत्तर देणं थांबवलं, विंडोजनं वाट पाहिली (ही मुदत मुळात २ सेकंदांची असते) आणि तो पुन्हा सुरू केला. ही मुदत रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, वाढवायचा सल्ला बरेच जण देतात. तासन्‌तास रेंडर करणाऱ्यांना, म्हणजे मॉडेलचं पक्कं चित्र बनवणाऱ्यांना, तो कधी उपयोगी पडतो, पण माझ्या मते सुरुवातीलाच तसं करणं म्हणजे ताप मोजायचा नाही म्हणून थर्मामीटर लपवणं.

माझं जुनं कार्ड एका कंपनीचं होतं, नवं दुसरीचं. जुन्याचा ड्रायव्हर मी काढलाच नव्हता. कंपनी तीच असेल तर नवा ड्रायव्हर वरून टाकला तरी बहुतेकदा भागतं. कंपनी बदलली की मात्र घर झाडूनच घ्यावं.

त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, सगळे त्याला डीडीयू म्हणतात. तो आणि नवा ड्रायव्हर दोन्ही आधी उतरवून ठेवा. ड्रायव्हर कार्डावरची चिप ज्या कंपनीची तिच्या साइटवरून घ्या: एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं संरक्षण, असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून जवळ ठेवा. सफाई सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरांवर चालू करून, करायची असते; तिथं जाताना ती मागितली जाऊ शकते, आणि त्याच संगणकातल्या फायलीत ठेवलेली की तेव्हा काय कामाची! अकाउंटचा पासवर्डही आठवून ठेवा, कारण तिथं रोजचा पिन चालेलच असं नाही.

मग इंटरनेट तोडा. केबल उपटा, वायफाय बंद करा. ही पायरी मी पहिल्यांदा गाळली होती. जुना ड्रायव्हर उडवून संगणक वर आला आणि मी नवा टाकायच्या आत विंडोज अपडेटनं स्वतःचाच एक आणून बसवला. सगळं पहिल्यापासून.

शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा. निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादी आली की ४ दाबा. सेफ मोडमध्ये डीडीयू उघडा, प्रकार जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) निवडा, कंपनी जुन्या कार्डाची निवडा आणि सफाई करून रीस्टार्टचं बटण दाबा. नव्या कार्डाचाही ड्रायव्हर आधी टाकून बसला असाल तर त्या कंपनीसाठीही हेच करा.

परत आल्यावर आयकॉन भलेमोठे दिसतील आणि डिव्हाइस मॅनेजर या विंडोजच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असं नाव असेल. घाबरू नका, ड्रायव्हर नाही म्हणून विंडोज कामचलाऊ चित्र देतंय. आता नवा टाका. मध्ये पडदा एक-दोनदा काळा होतो. पॉवरचं बटण दाबून धरू नका. संपलं की रीस्टार्ट, आणि त्यानंतरच इंटरनेट.

एवढं करूनही अडलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर पिवळा त्रिकोण आहे का बघा आणि त्यामागचा कोड वाचा. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. १२ म्हणजे कार्डाला मेमरीच्या पत्त्यांत वगैरे हवी ती जागा मिळत नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, 'अबव्ह फोर जी डिकोडिंग' चालू करून बघता येतं. ४३ सगळ्यात चिवट: कार्डानं तक्रार केली म्हणून विंडोजनं ते थांबवलं, आणि तक्रार ड्रायव्हरची असेल किंवा कार्डाचीच.

कोड नाही पण त्रास आहे, तर ताज्याऐवजी एक-दोन आवृत्त्या मागचा ड्रायव्हर टाकून बघा. माझं तसंच झालं. सफाईनंतर पडदा काळा होणं खूप कमी झालं, आणि मागच्या आवृत्तीवर पूर्ण थांबलं. तोवर काम चालू असताना पडदा गोठलाच तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. बारीक बीप येतो, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो आणि उघडी फाइल बहुधा वाचते.

४३ मात्र सफाईनंतरही हटत नसेल, तर कार्ड दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकात लावून बघा. तिथंही तोच कोड आला तर ड्रायव्हरचा नाद सोडा आणि वॉरंटीची पावती शोधायला लागा.