नव्वद टक्के असूनही वार हुकतो? नशिबाला शिव्या देण्याआधी या चुका टाळा

आखाजीला अमळनेरच्या आमच्या वाड्यात दोन दिवस पत्त्यांचा डाव उठत नाही. बायका-पोरी झोक्यावर, आम्ही ओट्यावर. यंदा मावसभाऊ दिवसभर जिंकला आणि रात्री गच्चीवर लॅपटॉपवर राक्षसांशी लढायचा गेम उघडून रडायला लागला, "भो, मनं नशीबच फुटेल शे. वार लागायची शक्यता नव्वद टक्के दाखवतं, अन् लागोपाठ दोन वार हुकतात!"

त्याची पहिली चूक ओट्यावरूनच गच्चीवर आली होती. पत्त्यात तीन एक्के पडून गेले की उरलेल्या पानांत एकच राहतो. गेलेली पानं लक्षात ठेवणारा तिथे जिंकतो, आणि ते बरोबरच आहे. बहुतेक गेममध्ये मात्र दर वाराला गड्डी पुन्हा पुरी बावन्न पानांची होते आणि नव्याने पिसली जाते. "तीनदा हुकला, आता लागणारच" या भरवशावर मोठा वार राखून ठेवू नका. १८ ऑगस्ट १९१३ ला मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटवर सलग २६ वेळा काळा आला. आता तरी लाल येईल म्हणत लोक पैसे ओतत राहिले आणि बुडाले.

शिवाय नव्वद टक्के आपल्याला वाटतात तेवढे पक्के नसतात. दहा वार केले तर त्यात एक तरी हुकण्याची शक्यता ६५ टक्के आहे. शंभर वारांत कुठे ना कुठे लागोपाठ दोन हुकण्याची शक्यताही निम्म्याहून जास्त. एक टक्का ड्रॉप (म्हणजे राक्षस मारल्यावर हाती पडण्याची शक्यता) असलेल्या वस्तूसाठी शंभर राक्षस मारले तरी शंभरातले सदतीस जण रिकाम्या हाताने परततात. चॅनल (गेमच्या त्याच जगाची दुसरी प्रत) बदलून, गेम बंद-चालू करून यात काडीचा फरक पडत नाही. (मी स्वतः लॅपटॉपला लिंबू-मिरची बांधून पाहिली आहे, सोडा तो विषय.)

आपली अपेक्षा बिघडवण्यात काही गेमचाही हात आहे. फायर एम्ब्लेम मालिकेतले बरेच गेम दर वाराला नशिबाचा एक आकडा काढण्याऐवजी दोन काढून त्यांची सरासरी धरतात, त्यामुळे पडद्यावरचे ९० टक्के आतून जवळपास ९८ असतात. डोटा २ मध्ये २५ टक्क्यांच्या बऱ्याच करामतींची पहिल्या वाराला शक्यता साधारण साडेआठ टक्केच असते, आणि दर अपयशागणिक ती वाढत जाते. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये बक्षिसांच्या सोडतीत नव्वदाव्या खेचीपर्यंत पाच ताऱ्यांचं, म्हणजे सर्वांत दुर्मिळ, काहीतरी मिळतंच. असे लाड सवयीचे झाले की खरा आकडा दाखवणारा गेम लबाड वाटायला लागतो.

आधी हे तपासा

कॉम्बॅट लॉग, म्हणजे गेममधली लढाईची नोंद, उघडा. 'मिस' (वार आपणच हुकवला), 'डॉज' (समोरच्याने अंग चोरलं) आणि 'पॅरी' (त्याने शस्त्राने वार अडवला) हे तीन वेगळे प्रकार आहेत. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकमध्ये राक्षसाच्या पाठीमागे उभं राहिलात की त्याची पॅरी बंद होते, डॉज मात्र चालूच राहतो. समोर उभं राहून "वार लागत नाही" म्हणणाऱ्यांनी आधी जागा बदलावी. तिथेच दुसरा सापळा आहे शस्त्रकौशल्याचा: आयुष्यभर तलवार चालवली आणि आज नवी कुऱ्हाड उचलली, तर तिचं कौशल्य एकपासून सुरू होतं, म्हणून ती हवेतच फिरते. राक्षसाची लेव्हल तुमच्याहून तीनने जास्त असली तर चुकणं आणखी वाढतं.

नेट मंद असेल तर वार उशिरा दिसतो, पण लागला की हुकला हे सर्व्हर ठरवतो. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) आणि नशीब एकाच पिशवीत घालू नका.

कधी कधी खेळाडूचंही खरं निघतं बरं का. १९९९ च्या अशेरॉन्स कॉलमध्ये काही जण सांगत राहिले की राक्षस आमच्याच अंगावर येतात. वर्षानुवर्षं सगळ्यांनी हसण्यावारी नेलं, आणि शेवटी कुणावर धावायचं ते ठरवणाऱ्या कोडमध्ये खरंच चूक सापडली. म्हणून तक्रार जरूर करा, पण मोजून करा. हुकलेला वार मनात राहतो, लागलेला विसरला जातो. नव्वद टक्के असताना शंभरात चार ते सोळा हुकले तर काहीच बिघडलेलं नाही. पाचशे वारांत ऐंशी-नव्वद हुकले तर लॉगसकट सपोर्टला लिहा.

मावसभावाला मी वहीत शंभर साधे वार मोजायला लावले. राक्षस त्याच्याच लेव्हलचा, कौशल्य पुरं भरलेलं. दर हुकीला एक रेघ. बावीस रेघा झाल्या, आणि तो विजयी चेहऱ्याने वही माझ्यापुढे नाचवायला लागला. मग मी त्याच्या पात्राच्या हाताकडे बोट दाखवलं. दोन्ही हातांत तलवारी! त्याचा जुना हिशेब एका तलवारीचा होता. क्लासिकमध्ये बरोबरीच्या राक्षसावर साधे वार पाच टक्के चुकतात आणि दुसरं शस्त्र घेतलं की त्यात एकोणीसची भर पडते. म्हणजे चोवीस हुकायला हवे होते.

"मंग दोन वार फुकटचे लागनात ना भो," म्हणाला, आणि खाली पत्ते पिसायला गेला.