भिंतीवर बिबट्या रंगवताना या चुका टाळा

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातील वन्यजीव सप्ताहात सांगली जिल्ह्यातील महाविद्यालयीन मुले-मुली शाळांच्या भिंती रंगवतात, चौकांत पथनाट्ये करतात. ही मेहनत मोलाची आहे, म्हणूनच ती वाया घालवणाऱ्या चुका वेळीच टाळायला हव्यात.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे इंटरनेटवर हाती लागेल ते चित्र उतरवून काढणे. मग बिबट्याच्या जागी चित्ता येतो. डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरणाऱ्या काळ्या रेषा आणि भरीव ठिपके ही चित्त्याची खूण आहे; बिबट्याच्या पाठीवरचे ठिपके तुटक कड्यांसारखे असतात. कृष्णेतली मगर रुंद जबड्याची असताना भिंतीवर चिंचोळ्या तोंडाची घडियाल दिसते. नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेल्या शिराळ्याच्या परिसरात तर दूध पिणारा नाग रंगवूच नये, कारण दूध हे सापाचे अन्न नाही आणि त्या चित्राने जुना गैरसमज आणखी पक्का होतो.

त्याहून गंभीर चूक पथनाट्यात होते. बिबट्याचा मुखवटा घातलेला मुलगा डरकाळी फोडत प्रेक्षकांत शिरतो, लहान मुले किंचाळतात, मोठी माणसे हसतात आणि ऊसतोडणीच्या वेळी फडात पिल्ले सापडली तर काय करावे, हे सांगायचे राहूनच जाते. पिल्लांना हात लावू नये, त्या भागातील तोडणी थांबवावी, जमाव हटवावा आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. मादी बहुधा अंधार पडल्यावर येऊन पिल्ले उचलून नेते, हा नाटकाचा गाभा असावा. बिबट्याचा आवाज लाकूड करवतल्यासारखा असतो. तोच नाटकात ऐकवला, तर रात्री शेतावर पाणी पाजायला जाणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. शिवाय सप्ताह संपतो त्या सुमारास गाळप हंगाम सुरूही झालेला नसतो आणि ज्यांचा बिबट्याशी सर्वांत आधी सामना होतो ते ऊसतोड मजूर जिल्ह्यात पोहोचलेले नसतात. म्हणून किमान एक प्रयोग हंगाम सुरू झाल्यावर कारखान्याच्या गाडीतळावर किंवा मजुरांच्या कोप्यांजवळ (झोपड्यांजवळ), संध्याकाळी, मजूर परतल्यावर करावा.

प्रयोगात जिवंत नाग किंवा धामण कधीही आणू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तो गुन्हा आहे आणि कापडी सापाने काम उत्तम भागते.

चित्राचे पोपडे निघत असतील, तर दोष बहुधा ओल्या भिंतीचा असतो. पावसाळा संपताच रंगवण्याची घाई न करता भिंत पुरती वाळू द्यावी, सुटलेला जुना रंग व चुना खरवडावा, प्रायमर लावावा आणि डिस्टेंपरऐवजी बाहेरच्या भिंतींसाठी मिळणारा इमल्शन रंग वापरावा. पोपडे आलेल्या भागावर नुसता नवा हात मारल्यास तोही पुढच्या पावसात गळून पडतो. नदीघाटावरच्या चित्रात मगरीच्या वावराची सूचना पुराचे पाणी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, पायऱ्या उतरणाऱ्याला समोर दिसेल अशी लिहावी.