थंड पाण्यात पडून गारठलेल्या माणसाला कसे सांभाळावे

पूर्व विदर्भात पौषातल्या पहाटे मामा (माजी मालगुजारी) तलावात डोंगा उलटतो, तर कधी रात्रीच्या ओलिताला गेलेला माणूस कालव्यात घसरतो. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते आणि आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेले की जिवाला धोका सुरू होतो.

त्याला काढायला स्वतः उडी घेऊ नये. दोर किंवा बांबू पुढे करावा. बाहेर आल्यावर उलटे टांगण्यात किंवा पोट दाबण्यात वेळ न दवडता १०८ ला फोन लावावा आणि श्वास पाहावा. गारठलेल्याचा श्वास फार मंद असतो, म्हणून मिनिटभर नीट पाहावे. श्वास नसेल तर तोंडाने पाच श्वास देऊन, पुढे छातीवर ३० दाब आणि २ श्वास असा क्रम चालू ठेवावा. अंग थंड व ताठ झाले म्हणून माणूस गेला असे ठरवू नये.

श्वास चालू असेल तर त्याला चालवू नये, आडवेच ठेवावे, कारण धक्क्याने गार पडलेल्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. वाऱ्याच्या आडोशाला नेऊन ओले कपडे ओढून न काढता कापावेत, अंग टिपून कोरडे करावे, खाली तणसाचा जाड थर पसरावा आणि डोक्यासकट वाकळ गुंडाळून वरून ताडपत्री घालावी. मनगटाच्या आतल्या बाजूला सोसवेल इतक्याच गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून काखेत व छातीशी ठेवाव्यात, हातापायांशी नव्हे.

गावात हमखास होते ते नेमके उलटे: तेल चोळणे, शेकोटीला खेटून बसवणे, मोहाची पाजणे. चोळण्याने हृदयावर ताण येतो, बधिर कातडी भाजलेली कळत नाही आणि दारूने ऊब वाटली तरी उष्णता अधिकच बाहेर जाते. गोड चहा द्यावा, पण तो पूर्ण शुद्धीवर असेल आणि कप स्वतः धरू शकत असेल तरच.

कापरे थांबले तरी बोलणे अडखळत असेल किंवा गुंगी येत असेल, तर तो सुधारत नसून खालावत आहे. नाकातोंडात पाणी गेलेल्याला बरे वाटले तरी रुग्णालयात दाखवावेच. रुग्णवाहिका पोहोचणार नसेल तर बाजेवर आडवे ठेवूनच गाडीपर्यंत न्यावे. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून कदापि नेऊ नये.