रीसेट मारण्याआधी

बाबांच्या अँड्रॉइड फोनला घरचं वायफाय लागेना. पासवर्ड बरोबर, बाकी सगळ्यांचे फोन व्यवस्थित चालू, यांचाच तेवढा अडकलेला. दुकानदार म्हणाला, "रीसेट मारून टाका." त्याला म्हणायचं होतं फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पुसून नव्यासारखा करणं, आणि फोनमध्ये नातीचे बारशापासूनचे फोटो!

सेटिंग्जमध्ये रीसेटच्या पानावर वेगवेगळे पर्याय असतात, ते आधी नीट वाचावेत. मी फक्त नेटवर्क सेटिंग्ज रीसेट केल्या. त्यात साठवलेले वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या पुसल्या जातात. फोटो, मेसेज, ॲप यांना धक्का लागत नाही. पासवर्ड पुन्हा टाकला, वायफाय लागलं. बाबांचं श्रवणयंत्र तेवढं परत जोडावं लागलं.

फॅक्टरी रीसेटचं प्रकरण वेगळं. फोनच्या आतल्या मेमरीतलं सगळं जातं. मेमरी कार्ड सहसा शाबूत राहतं, तरी आधी काढून ठेवलेलं बरं. अँड्रॉइडही परत जुन्या आवृत्तीवर जातं असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही, झालेले अपडेट राहतात. व्हॉट्सॲपवरचं बोलणं मात्र बॅकअप घेतलेला असेल तरच परत मिळतं.

फोन दुसऱ्याला द्यायचा असेल तर त्यातलं गूगल खातं आधी काढाच. अँड्रॉइड 5.1 पासून चोरीविरोधी कुलूप आलं आहे. बाहेरची बटणं दाबून रीसेट केलेला फोन सुरू होताना जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो. घरातल्या मोठ्यांना तो बऱ्याचदा आठवत नाही, म्हणून दुसऱ्या फोनवरून त्या खात्यात लॉगिन होतंय ना, हे आधीच पाहून घ्या.