चित्रकथांचा शास्त्रशुद्ध अभ्यास कसा करावा : सोलापुरातील नव्या संशोधकासाठी

सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा कानावर पडतात, आणि कॉमिक्सचा अभ्यास करू पाहणाऱ्याला हीच गोष्ट सर्वांत मोलाची ठरते. १९६७ साली अनंत पै यांच्या संपादनाखाली सुरू झालेली 'अमर चित्र कथा' अनेक भारतीय भाषांतून निघाली. चित्रे तीच राहिली आणि पात्रांच्या संवादाच्या फुग्यांतले शब्द बदलले. त्यामुळे एकाच अंकाच्या तीन भाषांतल्या प्रती शेजारी शेजारी ठेवून वाचणे हा या विषयातला फार फलदायी प्रयोग आहे, आणि त्यासाठी लागणाऱ्या तिन्ही भाषांचे जाणकार वाचक ज्या गावांत सहज भेटतात, त्यांपैकी सोलापूर एक आहे.

सुरुवात प्रश्नापासून करावी. 'कॉमिक्समधील स्त्रीप्रतिमा' किंवा 'कॉमिक्स आणि भारतीय संस्कृती' असे विषय नोंदवले जातात खरे, पण ते इतके पसरट असतात की दोन वर्षांनंतरही संशोधक प्रस्तावनेतच अडकलेला असतो. त्याऐवजी 'एका ऐतिहासिक व्यक्तिरेखेवरील अंकाच्या मराठी आणि कन्नड आवृत्त्यांत निवेदनाच्या पट्ट्यांतील भाषा कशी बदलते' असा प्रश्न घेतला, तर कोणत्या प्रती हव्यात आणि काय मोजायचे, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट होते. त्याच वेळी अभ्यासाची हद्दही ठरवावी. 'चांदोबा' हे मासिक आपल्यापैकी अनेकांच्या बालपणाशी जोडलेले आहे. १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये निघालेल्या या मासिकाची मराठी आवृत्ती १९५२ मध्ये आली. परंतु त्यातील बहुतेक मजकूर सचित्र कथांचा आहे, म्हणजे चित्र वगळले तरी गोष्ट समजते. चौकटींच्या क्रमातून जिथे गोष्ट पुढे सरकते, तिथेच कॉमिक्स सुरू होते. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेत एकामागून एक चित्र दाखवून कथा गायली जाते, आणि ती या सीमारेषेवर कुठे बसते, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे; पहिल्याच निबंधात तिला ओढून आणू नये.

यानंतर प्रती जमवाव्यात. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत जरूर चौकशी करावी, पण ग्रंथालयांनी कॉमिक्स सहसा जपलेली नसतात, कारण ती वाचून टाकून देण्याची वस्तू मानली गेली. म्हणून रद्दीची दुकाने, मंगळवार बाजारासारखे बाजार आणि नातेवाइकांच्या माळ्यावरच्या पेट्या हीच खरी दफ्तरे समजावीत. पूर्वभागातल्या तेलुगूभाषक घरांत आणि अक्कलकोटकडच्या कन्नडभाषक घरांत आवर्जून विचारावे. हाती आलेल्या प्रत्येक प्रतीची नोंद त्याच दिवशी करावी : शीर्षक, क्रमांक, भाषा, किंमत, प्रकाशक, मुद्रक, छापलेले वर्ष, पानांची संख्या, फाटलेली किंवा गहाळ पाने आणि जाहिराती. माझ्या सुरुवातीच्या काळात मी केवळ शीर्षक आणि क्रमांक टिपत असे; पुढे लक्षात आले, की 'अमर चित्र कथे'च्या पुनर्मुद्रणात अनेक अंकांचे क्रमांक बदललेले आहेत, आणि माझ्या वहीतील निम्म्या नोंदी नेमक्या कोणत्या छपाईच्या आहेत हे सांगता येईना. ते सगळे काम पुन्हा करावे लागले. जाहिराती तर कधीही वगळू नयेत, कारण अंक कोणत्या घरात वाचला जाईल अशी प्रकाशकाची कल्पना होती, हे त्या सांगतात.

जुना कागद सोलापूरच्या उन्हाळ्यात कोरडा होऊन तुटतो. अंक उन्हापासून दूर सपाट ठेवावेत, गंजलेल्या पिना काढताना घाई करू नये, आणि फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, कारण तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून छपाईत उतरतो.

आता वाचनाकडे वळू, कारण या विषयातले बहुतेक प्रबंध इथेच कमी पडतात. संशोधक कथानकाचा सारांश लिहितो, नायक कसा आहे ते सांगतो, आणि चित्रांबद्दल 'आकर्षक' या एका विशेषणापलीकडे काही म्हणत नाही. असे होऊ नये म्हणून प्रत्येक अंक किमान तीनदा वाचावा. पहिल्या वाचनात कथा वाचावी. दुसऱ्यात शब्द झाकून केवळ चित्रे पाहावीत आणि किती कळते ते लिहावे. तिसऱ्या वाचनात पान हे एकक धरावे : चौकटी किती, मोठी चौकट कोणत्या क्षणाला दिली आहे, पान उलटण्यापूर्वीच्या शेवटच्या चौकटीत काय आहे, निवेदनाची पट्टी आणि फुगा यांचे प्रमाण किती. दोन चौकटींमधील मोकळ्या जागेत वाचक स्वतः गोष्ट पूर्ण करतो, हा विचार अमेरिकी चित्रकार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये सविस्तर मांडला आणि चौकटींमधील संक्रमणांचे सहा प्रकार सांगितले : क्षणातून क्षणाकडे, क्रियेतून क्रियेकडे, विषयातून विषयाकडे, प्रसंगातून प्रसंगाकडे, पैलूतून पैलूकडे आणि असंबद्ध. एका अंकातील सर्व संक्रमणे या प्रकारांनुसार मोजून तक्ता करावा. काही संक्रमणे कोणत्याच खान्यात नीट बसत नाहीत. ती दडपू नयेत, कारण पुष्कळदा चर्चेला खरा विषय त्यांच्यातूनच मिळतो.

भाषांतराची तुलना करताना फुग्याचा आकार आधी पाहावा. चित्र एकदा काढले की फुग्याची जागा ठरून जाते, आणि मग कोणत्याही भाषेतील वाक्याला तेवढ्यातच मावावे लागते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली मात्रांसाठी जागा लागते. तेलुगू आणि कन्नडमध्ये जोडाक्षराचे दुसरे व्यंजन बहुधा खाली लिहिले जाते, त्यामुळे दोन ओळींमधील अंतर वाढते. म्हणून कुठे वाक्य तोडले आहे, कुठे अक्षर बारीक केले आहे आणि कुठे आदरार्थी रूप गाळले आहे, हे चौकटीनिहाय टिपावे. उर्दूतील चित्रकथा हाती आली तर आणखी एक प्रश्न उभा राहतो : लिपी उजवीकडून डावीकडे जाते, पण मूळ चित्र डावीकडून उजवीकडे वाचण्यासाठी रचलेले असेल, तर फुग्यांचा क्रम कसा लावला? नावांतील बदलही मोलाचे असतात. अमेरिकी लेखक ली फॉक यांचा १९३६ सालचा कॉमिक्स-नायक 'फँटम' १९६४ पासून 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून भारतात आला आणि मराठी वाचकांचा 'वेताळ' झाला. बंगालची आठवण करून देणारे त्याच्या देशाचे नाव इथे 'डेंकाली' असे करण्यात आले. एका नावातला हा बदल भारतीय प्रकाशकाला कशाची काळजी वाटत होती ते दाखवतो. आपल्याला न येणारी भाषा शेजाऱ्याकडून वाचून घ्यावी, आणि त्यांचे साहाय्य प्रबंधात स्पष्टपणे नोंदवावे.

वाचकांच्या मुलाखती घेताना जुना अंक त्यांच्या हातात द्यावा. नुसत्या आठवणीत वेगवेगळे अंक मिसळतात. पान समोर आले, की तो कुठे विकत घेतला, कोणी वाचून दाखवला, घरात कोणाची भीती होती, हे तपशील आपोआप येतात. लेखी संमती घ्यावी आणि बोललेले शब्द बदलू नयेत. याबाबतीत फ्रेडरिक वर्थम यांचे उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे. कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे या मानसोपचारतज्ज्ञाने १९५४ मध्ये मांडले आणि त्याच वर्षी अमेरिकी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. पुढे वर्थम यांची कागदपत्रे अभ्यासासाठी खुली झाल्यावर संशोधक कॅरल टिली यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले, की मुलांच्या मुलाखतींतील पुरावा वर्थम यांनी अनेक ठिकाणी फिरवला होता.

पूर्वसंशोधनासाठी 'शोधगंगा' या संकेतस्थळावरील भारतीय प्रबंध पाहावेत. 'अमर चित्र कथे'वर नंदिनी चंद्रा आणि कार्लिन मॅक्लेन यांनी ग्रंथ लिहिले आहेत. त्यांचे निष्कर्ष प्रामुख्याने इंग्रजी आवृत्तीला किती आणि मराठी आवृत्तीला किती लागू पडतात, हे आपल्या प्रतींवर तपासावे. मार्गदर्शक मराठी, इंग्रजी, इतिहास किंवा वृत्तपत्रविद्या यांपैकी कोणत्याही विषयाचे असू शकतात, मात्र भेटायला जाताना आराखड्याबरोबर एका पानाचे केलेले विश्लेषणही न्यावे. त्या एका पानावरून चर्चा जितकी पुढे जाते, तितकी दहा पानांच्या प्रस्तावनेवरून जात नाही.

लेखनात चित्राचा संदर्भ अंक, पान आणि चौकट अशा क्रमाने द्यावा, म्हणजे वाचकाला नेमकी जागा सापडते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ संशोधन आणि समीक्षेसाठी रास्त वापराला मुभा देते; तरीही ज्या चौकटीवर प्रत्यक्ष चर्चा केली आहे तेवढीच छापावी, आणि प्रबंध पुढे पुस्तकरूपात येणार असेल तर प्रकाशकाची लेखी परवानगी घ्यावी. उसने आणलेले अंक परत करताना त्यांच्या मालकांना स्कॅन केलेली प्रत आणि आपल्या नोंदीचा कागद सोबत द्यावा. त्यांच्या माळ्यावरची दुसरी पेटी बहुधा त्यानंतरच उघडते.