कोलेस्टेरॉल वाढलंय? मग मासळी अशी निवडा

रिपोर्टात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलेलं दिसलं की आमच्या मालवणी घरांत सगळ्यात आधी कोळंबी बंद होते. माझ्या सासऱ्यांचंही तेच झालं. कोळंबी गेली, पण नारळाचं वाटप, म्हणजे कालवणातलं वाटलेलं खोबरं, तेवढंच राहिलं आणि तळलेली सुरमई उलट वाढली. घरची मासळी माहीमच्या बाजारातून मीच आणते, रांधतेही मीच. म्हणून आधी आकडे समजून घेतले.

कच्च्या १०० ग्रॅम कोळंबीत साधारण १५० ते १६० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं. एका अंड्याच्या बलकात १८५च्या आसपास. माकुलात (स्क्विड) आणखी जास्त, २३०पर्यंत, आणि गाबोळीत, म्हणजे माशाच्या अंड्यांत, तर ३५०च्याही वर. बहुतेक माशांत मात्र ५० ते ८०, म्हणजे चिकनएवढंच. तिसऱ्यांत, म्हणजे शिंपल्यांत, त्याहून कमी.

पण नुसता हा आकडा बघून मासळी ठरवू नका. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच बनवतं. संतृप्त चरबी (तूप, लोणी, खोबऱ्यात असते ती) जास्त खाल्ली की रक्तातलं एलडीएल उचलून घ्यायचं यकृताचं काम मंदावतं. १०० ग्रॅम कोळंबीत ही चरबी अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असते. तेवढ्याच ओल्या खोबऱ्यात जवळजवळ ३० ग्रॅम! कोळंबीच्या कालवणात वजनदार काय आहे ते यावरून कळेल. १९९६ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठाने लोकांना रोज ३०० ग्रॅम कोळंबी खायला घालून तपासलं. एलडीएल सुमारे ७ टक्के वाढलं, पण चांगलं एचडीएल १२ टक्के वाढलं आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी एक चरबी, उतरले. ती कोळंबी वाफवलेली होती, हे विसरू नका. याचा अर्थ रोज कोळंबी खा असा नाही. आठवड्यातून एकदा, मूठभर, कमी वाटपाची कोळंबी बहुतेकांना चालते. ज्यांना मधुमेह आहे किंवा घराण्यातच कोलेस्टेरॉल वाढायची खोड आहे, त्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. आणि मासे खातो म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी सोडायची नाही.

आता घ्यायचं काय? माझं उत्तर ठरलेलं आहे: बांगडा आणि तारल्या (सार्डिन). पाहुण्यांसमोर पापलेट मांडायची आपली सवय, पण हृदयासाठी ओमेगा-३, म्हणजे माशाच्या तेलातली चांगली चरबी, हवं असेल तर ते या स्वस्त, तेलकट माशांत भरपूर मिळतं. त्याने मुख्यतः ट्रायग्लिसराइड उतरतात. एलडीएल उतरेल अशी आशा त्याच्याकडून धरू नका. आठवड्यातून दोनदा मासे पुरेत, त्यात एकदा तरी बांगडा किंवा तारली असावी.

बांगडा घेताना डोळा फुगीर आणि चकचकीत हवा. कल्ले उचलून बघा, लालभडक हवेत. तपकिरी पडलेले असतील तर पुढच्या टोपलीकडे वळा. पोट बोटाने दाबा, खड्डा राहता कामा नये. पोट फुटलेला तर अजिबात घेऊ नका. मासेवालीला राग येईल म्हणून संकोचू नका, रोजच्या गिऱ्हाइकाला ती स्वतःच कल्ला उघडून दाखवते. आणखी एक, फार महत्त्वाचं: बांगडा बर्फावरच ठेवलेला हवा. उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, खाल्ल्यावर अंगावर लाली येते, खाज सुटते, आणि शिजवून ते जात नाही. घरी आणल्यावर लगेच साफ करून फ्रिजमध्ये टाका.

मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. मोरी (शार्क) गरोदर बाईला आणि लहान मुलांना देऊ नका. मोठ्या सुरमईचं प्रमाणही बेताचंच ठेवा. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील हे लहान आणि कमी आयुष्याचे मासे असल्याने त्यांच्यात पारा कमी.

रांधायची माझी आवडती रीत म्हणजे बांगड्याचं तिखलं. लाल मिरची, हळद, आमसुलं, ठेचलेली तिरफळं, मीठ, थोडं पाणी आणि वरून चमचाभर तेल. खोबऱ्याशिवायही ते चवीला कुठे कमी पडत नाही. दुसरी रीत: मीठ, हळद, आल्यालसणाचं वाटण लावून केळीच्या पानात गुंडाळायचा आणि झाकण ठेवून तव्यावर भाजायचा. कढईभर तेलात तळला तर बांगड्याचं स्वतःचं चांगलं तेलही तळणीत उतरतं. कालवण हवंच असेल तर वाटप निम्मं करा. दाटपणासाठी भाजलेला कांदा आणि धणे वाढवा. सासऱ्यांना पहिले काही दिवस पातळ वाटलं, आता तेच मागून घेतात.

जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि घरोघर सुक्या मासळीचे डबे उघडतात. सोडे म्हणजे वाळवलेली कोळंबी. पाणी गेल्याने तेवढ्याच वजनात कोलेस्टेरॉल कितीतरी जास्त, म्हणून भाजीला चव येण्यापुरतेच घाला. खारा बांगडा रक्तदाब असलेल्यांनी टाळलेलाच बरा. इतरांनी तो पाण्यात चांगला भिजवून, पाणी दोनदा बदलून घ्यावा, आणि त्या दिवशीच्या आमटीत मीठ हात आखडून टाकावं.